यसूआत्याची पारख

माझी सासू ज्या साली गेली, त्याच सालात हौसाचं लग्न झालं. घरात मरण झालं की वर्षाच्या आत लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, अशी आमच्याकडं रीत. हौसा माझ्या चुलतसासऱ्यांची एकुलती लेक. वय उलटत चाललेलं, आणखी तीन वर्षं थांबणं शक्य नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी घाईनं स्थळ शोधलं, कातळगावचं. पाटे, वरवंटे, जाती घडवणारं घर. वैशाखात लग्न त्यांच्याच दारात लागलं आणि मी पाठराखीण म्हणून हौसाबरोबर तिच्या सासरी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात हळदीच्या पाण्याची परात ठेवली. गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. नवरा-नवरी पाटावर समोरासमोर. परातीच्या अगदी कडेला, मांडवाच्या मेढीला पाठ टेकून, नवऱ्याची आत्या यसू बसली होती. दौलतची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते या विधवा आत्यानं, आणि घरही तीच चालवायची.

सुपारीचा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. आधी नवरी मुठीत सुपारी धरते आणि नवऱ्यानं ती एका हातानं सोडवायची. मग नवरा धरतो. नवरीनं दोन्ही हात लावले तरी चालतात, पण तरीही तिला सुपारी सुटू नये हाच त्यातला रिवाज. तिनं नखं मारावीत, खाली मान घालून हसावं, रडकुंडीला यावं. मग बायकांनी नाव घ्यायला लावावं, तिनं नाव घ्यावं आणि नवऱ्यानं उपकार केल्यासारखी मूठ सैल करावी.

हौसाची मूठ दौलतनं सोडवली. एकेक बोट हळू उचललं. मग सुपारी त्यानं आपल्या मुठीत धरली. घण धरून धरून त्याची मूठ म्हणजे दगडच झाली होती.

"दोनी हात लाव, पोरी," एक म्हातारी म्हणाली. "त्येच्या मुठीतनं घण सुटत न्हाई, सुपारी काय सुटायची."

"सुटंल की. लगीन झालंय, आता समदंच सुटायचं," दुसरी म्हणाली आणि मांडव हसला.

हौसानं दुसरा हात लावलाच नाही. एका हातानं तिनं त्याचं मनगट आतल्या बाजूला मुडपलं, करंगळीखाली अंगठा सारला, आणि शेंग उकलावी तशी मूठ उघडली. सुपारी परातीत पडली. एवढ्यावर ती थांबली असती तर कदाचित निभलं असतं. पण तिनं पदराचं टोक घेतलं आणि त्याचा तळहात पुसला. मग एकेका बोटाची बेचकी पुसली.

मांडवाबाहेर पुरुष उभे होते, त्यांच्यातला कुणीतरी ओरडला, "दौल्या, गेली की रं मूठ तुजी." दौलतही हसला. त्याचे कान लाल झाले होते, पण हसू खोटं नव्हतं. तो त्या पुसलेल्या हाताकडं बघत होता.

यसूआत्या हसली नाही.

"परत धर सुपारी," ती म्हणाली.

दौलतनं परत धरली. आता हौसाच्या ध्यानात आलं होतं. तिनं दोन्ही हात लावले, बोटं ओढली, खाली मान घालून हसली, सगळं रीतीप्रमाणं केलं. मूठ सुटली नाही.

"आता का येईना?" यसूआत्यानं विचारलं.

हौसानं हात पदराखाली घेतले.

"हात सवयीचा हाय," यसूआत्या बायकांकडं वळून म्हणाली. "सवय झाकाय बी येती हिला."

मांडवातली गडबड तिथंच विझली. बायका उठून पदर सावरत घरी गेल्या.

यसूआत्याचं बोलणं साधं नव्हतं. गावातल्या प्रत्येक लग्नात ती परातीच्या कडेला बसायची, तिला बोलवावंच लागायचं. नवरा-नवरीचा घटकाभराचा खेळ बघून ती त्यांचं पुढचं सगळं सांगायची. ही दोघं भांडतील पण तुटायची न्हाईत. ह्यो बायकोच्या पदराखाली जानार. हिचं मन हितं न्हाई. तिचं कधी चुकलं नाही, असं सगळे म्हणायचे. शेजारच्या आळीतली एक नवरी खेळताना सारखी दाराकडं बघत होती. यसूआत्या म्हणाली, ही वर्स काढायची न्हाई. वर्षाच्या आत ती पोरगी माहेरी परतली. त्या वर्षात सासूनं तिला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि पोटभर जेवू दिलं नव्हतं. हे मला त्याच आळीतल्या बाईनं सांगितलं, आणि तेही यसूआत्याचं कौतुक म्हणून.

हौसाच्या हाताला सवय कशाची, ते त्या मांडवात तिला आणि मलाच ठाऊक होतं. ते सांगायला बंदी होती.

हौसाचा बाप जिवंत होता. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, पाय गेला, आणि उजव्या हाताची मूठ अशी आवळून बसली की नखं तळहातात रुतायची. हौसा रोज सकाळी मनगट मुडपून ती मूठ सोडवायची, ऊन पाण्यानं तळहात पुसायची, बेचक्या कोरड्या करून तेल लावायची. दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. आम्ही बोटं ओढायला गेलो की मूठ आणखी आवळायची. दुधात भाकरी कुस्करून बारीक घास भरवायचा, ओठातून ओघळलं की टिपायचं, तेही तीच करायची. तिला आई नव्हती, भाऊ नव्हता.

स्थळं यायची आणि तात्यांना बघून जायची. अंथरुणातला बाप, पाठीवर भाऊ नाही, म्हणजे उद्या तो जावयाच्याच गळ्यात पडणार, हे कुणालाही दिसायचं. म्हणून कातळगावकरांना माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, पोरगी आईबापाविना आहे, मी चुलता तिला उजवतोय. हौसा ऐकेना. तेव्हा सासरे तिला म्हणाले, "चार म्हैने कळ काढ. नवऱ्याचं मन तुज्यावर बसू दे. मग तूच सांग त्येला. माणूस चांगला वाटतोय, न्हाई म्हनायचा न्हाई. तवर मी हाय की तात्याला."

त्या चार महिन्यांच्या भरवशावर ती बोहल्यावर उभी राहिली होती. दौलतचं मन बसलं की बापाला आणायचं, निदान आठ-पंधरा दिवसांनी जाऊन बघायचं, एवढंच तिला लग्नातून हवं होतं. पाचव्या दिवशी पाचपरतवणाला नवरा-नवरी माहेरी येतात; त्या वेळी तात्यांना शेतातल्या खोपीत हलवायचं, हेही ठरलं होतं.

खेळ मोडल्यावर परसात तिनं मला गाठलं.

"वैनी, मी काय केलं गं?"

"हात पुसलास त्येचा."

"वला हुता."

"वला असू दे. आता चार दिस कशालाच हात लावू नगंस. मान खाली घालून ऱ्हा."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तात्यांची मूठ कोन सोडवत असंल?"

"मामंजी सोडवत असतील."

तिनं माझ्याकडं बघितलं. घरात बाईमाणूस मी एकटी, आणि मी तर इथं होते. माझे सासरे आपलं ताटसुद्धा आपण उचलत नसत.

दुपारी जेवताना एकमेकांना घास भरवायचा होता. दौलतनं हौसाला भरवला, बायका हसल्या. हौसाची पाळी आली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, बोटांनी कुस्करला, लहान घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेताना डावा तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला. तिला कळलंही नाही. मला कळलं, पण ताटावरून मी काय करणार होते?

यसूआत्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"खाली हात धरला, बघितलासा?" ती म्हणाली. "कुनाला भरवलंय गं एवढं?"

"घरात ल्हान पोरं हुती," हौसा म्हणाली.

"कुनाची?"

"वैनीची."

यसूआत्या माझ्याकडं वळली. "तुला किती पोरं?"

मला त्या वेळी मूल नव्हतं, आणि ते बायकांच्या बैठकीत सगळ्यांना सांगून झालं होतं. मी ताटाकडं बघत राहिले.

त्या दिवसापासून हौसाचं अंथरूण माझ्याजवळ पडलं. पाण्याला तिला एकटीला सोडेनात. गल्लीतल्या बायका मीठ मागायला यायच्या आणि तिचं चालणं, वाकणं, उठणं बघून जायच्या. ती पाटावरून उठणाऱ्या दौलतच्या म्हाताऱ्या चुलत्याला हात द्यायला पुढं झाली, तर दुसऱ्या दिवशी तेवढंच गावभर झालं. हिला पुरुषाच्या दंडाचं काही वाटत नाही. चौथ्या दिवशी यसूआत्यानं भावकीतल्या दोघांना बोलावून आमच्यादेखत सांगितलं, "पाचपरतवणाला जाईल ती तिकडंच ऱ्हाईल. त्यांच्या उंबऱ्यात सोडायची आन बैल वळवायचं. कशापायी, ते त्यांनीच गावाला सांगत बसावं."

दौलत तिथंच होता. तो उठून खाणीकडं गेला.

दुपारी त्याची भाकरी घेऊन आम्ही दोघी गेलो. पळसाच्या सावलीत तो एका जात्याला टाकी लावत बसला होता. भाकरीला त्यानं हात लावला नाही.

"बस," तो हौसाला म्हणाला. मग मला म्हणाला, "तुमी बी बसा. तुमच्यादेखत इच्यारतो. मी मारनार न्हाई, वरडनार न्हाई. कुनाचा हात धरला हुतास?"

हौसानं माझ्याकडं बघितलं. मी मानेनं नको म्हणाले.

"बापाचा," ती म्हणाली.

"तुजा बाप मेलाय."

"न्हाई मेला."

दौलतनं हातातली छन्नी खाली ठेवली. मग ती सांगत गेली. मूठ, तेल, दुधभाकरी, खोप, सासऱ्यांनी घातलेली अट. सांगताना तिनं आपला हात आवळून दाखवला, आणि कुठं दाबलं की बोटं सुटतात तेही दाखवलं. दौलतनं आपली मूठ वळली आणि तिच्यापुढं केली. तिनं मनगट मुडपलं. मूठ उघडली. तो पुन्हा हसला, परातीपाशी हसला होता तसा.

"वैनी, ही खोटं बोलती का?"

"न्हाई, पावणं."

"मग लग्नाआदी का खोटं बोललासा?"

"खरं बोललो असतो, तर कुंकू लावलं असतंसा का?"

त्यानं विचार केला. "मी लावलं असतं," तो म्हणाला. "आत्यानं लावू दिलं नसतं." आणि लगेच, "आत्याला सांगतो. खरं कळलं की तिचा राग जाईल."

"नगा," हौसा म्हणाली. "आदी तुमी एकलं या. डोळ्यानं बघा. तात्यांपाशी बसा. मग सांगा."

"आत्याला न सांगता मी कवा काय केलं न्हाई गं."

त्यानं तसंच केलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. यसूआत्या तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापाचा व्हय. बरं. मरून जिता झालेला बाप मी बी बघीन म्हनते. उद्या गाडी जानारच हाय."

हौसा त्या रात्री शांत झोपली. सकाळी उठून तिनं स्वतः माझी वेणी घातली. खरं सांगून झालं होतं, नवऱ्याला ते पटलं होतं, आता आत्या बघेल आणि पटेल तिलाही. मलाही तसंच वाटलं.

वाटेत बाजाराचं गाव लागलं. दौलतनं गाडी थांबवली, उतरला आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला.  हौसाच्या मांडीवर ठेवली आणि परत कासरा हातात घेतला. हौसानं ती बाटली दोन्ही हातांत धरली. गाडी हलली तशी ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

यसूआत्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "जपून," ती म्हणाली. "सांडंल."

आमच्या दारात माझे सासरे भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उभे होते. आत्या गाडीतून उतरली, पण उंबऱ्याच्या आत गेली नाही.

"मेल्यालं मानूस कुटं ठेवलंय?" तिनं विचारलं.

सासऱ्यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हौसाच्या मागं सरले.

खोप शेताच्या टोकाला होती. दाराशीच वास आला. तात्या फाटक्या घोंगडीवर पडले होते. आम्ही गेल्यापासून त्यांना कुणी कुशीवर केलं नव्हतं. उशाशी पाण्याचा तांब्या होता, तो त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलेला, म्हणजे चालत्या हाताला न पुरेल असा. हौसाला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

हौसानं पदर खोचला आणि खाली बसली. मूठ हातात घेतली, मनगट मुडपलं, अंगठा सारला. मूठ उघडली. आत नखांनी कातडं फाडलं होतं आणि पू झाला होता. तिनं पाणी मागितलं, मी दिलं. तिनं तळहात धुतला, बेचक्या टिपल्या, दौलतच्या बाटलीचं बूच दातानं काढलं आणि तेल लावलं. तात्या तिच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि तिचा हिरवा चुडा चाचपला, मग मंगळसूत्र, मग कपाळावरचं कुंकू. दारात उभ्या दौलतकडं त्यांनी बोट केलं आणि हौसाकडं बघून भुवया उडवल्या. हौसा लाजली.

दौलत आत येऊन त्यांच्या पाया पडला.

यसूआत्या तिथंच उकिडवी बसली होती. परातीपाशी जेवढा वेळ बघत होती, तेवढाच वेळ तिनं बघितलं.

"पोरगी निर्मळ हाय," ती म्हणाली. "माजं चुकलं न्हवतं. हात सवयीचा हाय म्हनलं हुतं. कशाची सवय, तेवढंच कळायचं ऱ्हायलं हुतं."

हौसानं तेलकट हातानंच तिचे पाय धरले. "आत्या, लई उपकार झालं."

"ऊठ. आजून माजं बोलून झालं न्हाई." यसूआत्या माझ्या सासऱ्यांकडं वळली. "तुमी काय सांगितलं हुतं आमास्नी? बाप मेलाय. आमी भावकीत, गावात, देवापुढं तेच सांगितलंय."

"चुकी झाली, बाई. पोरीसाठी—"

"चुकी कसली? बरूबर केलंसा. खरं सांगितलं असतंसा तर मी पोरगी केली नसती. आता केलीया. आन जोडा चांगला हाय, मी आज बघितलं. परातीपाशी संशव हुता, आज न्हाई. ह्यो पोरगा कुनाला न इच्यारता गाडीतनं उतरला आन तेलाची बाटली घेऊन आला. बापजन्मात त्यानं माज्यासाठी असं काय आनलं न्हाई. हिनं ती बाटली कशी धरली, ते बी मी बघितलं. ही दोगं आता एकमेकाची झाल्यात. म्हनूनच सांगती."

ती हौसाशी बोलू लागली. आवाज चढवला नाही.

"आज त्यानं तेल आनलं. उद्या गाडी जुपून बापालाच घेऊन येईल. तू सांगशील आन तो आनंल. मग घण कोन उचलनार? सून कुनाचं करनार, घराचं का ह्येचं? तवा ऐक. तुजा बाप लग्नाआदी मेलाय. तसंच कबूल असंल तर गाडीत बस, तुला माज्या घरात कुनी वाकडा सबूद बोलायचं न्हाई, मीच बोलू द्यायची न्हाई. कबूल नसंल तर हितंच ऱ्हा. मधलं काय न्हाई. हितं परत यायचं न्हाई, सणाला न्हाई, सुतकाला न्हाई. मेल्याचं सुतक दोनदा नसतंय."

"आत्या, म्हैन्यातनं एकदा," हौसा म्हणाली. "सकाळी येती, दिवस मावळायच्या आत परत—"

"मेल्याकडं म्हैन्यातनं एकदा कोन जातंय?"

हौसा दौलतकडं वळली. "तुमी बोला की."

दौलत खोपीबाहेर बैलांकडं बघत होता. "आत्यानं मला वाढवलंय," तो म्हणाला.  "आत्या म्हनती ते…" आणि तो खोपीबाहेर पडला.

हौसा खाली बसली. बापाचा तेल लावलेला हात तिनं परत मांडीवर घेतला.

"मग मी हितंच ऱ्हाती," ती म्हणाली.

तात्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि तिच्या मांडीवरून उचलून घेतला. मग घोंगडीचं टोक पकडलं आणि ती पायापासून ओढत ओढत डोक्यावरून घेतली. मेलेल्या माणसावर घालतात तशी.

"तात्या," हौसा म्हणाली आणि घोंगडी खाली केली. त्यांनी परत ओढली. तिनं परत काढली. त्यांनी डावा हात उगारला. तिच्यावर त्यांनी हात उगारलेला मी कधी बघितला नव्हता. मग तोंड झाकून घेतलं आणि घोंगडीचा काठ दातांत धरला, म्हणजे तिला तो काढता येऊ नये.

"बघ," यसूआत्या म्हणाली. "त्येला कळतंय."

हौसा बराच वेळ तशीच बसली होती. कुणी तिला उठवलं नाही. शेवटी ती आपणच उठली. खोपीच्या दारात मला म्हणाली, "वैनी, मनगट आदी मुडपायचं. बोटं वडायची न्हाईत." आणि गाडीत जाऊन बसली.

यसूआत्या मागं राहिली होती. तिनं तेलाची बाटली उचलली, बूच घट्ट लावलं आणि बरोबर घेतली. "सणाला लागंल," ती म्हणाली.

तात्यांची मूठ मला कधी सोडवू दिली नाही त्यांनी. मी हात लावला की तोंड फिरवायचे. भाकरी कुस्करून तोंडाशी नेली तर ओठ मिटून घ्यायचे. पाणी तेवढं प्यायचे. पावसाळ्यात त्यांना घरात आणलं, दिवाळीनंतर ते फार खंगले.

ते वारले तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. अक्षरं शिकले ती नातवंडांबरोबर, म्हातारपणी. मी बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाकडून कातळगावला निरोप धाडला. तो परत आला आणि म्हणाला, दारात एक म्हातारी होती. तिनं मला ताक दिलं, निरोप ऐकला आणि म्हणाली, तुमी घर चुकलासा. आमच्या सुनेचा बाप लग्नाआदीच वारलाय.

हौसाला मी पुन्हा बघितलं ते तीन वर्षांनी, डोंगरावरच्या देवाच्या जत्रेत. दौलतच्या खांद्यावर मूल होतं. हौसा पुढं चालली होती, दौलत मागून एका हातानं गर्दी बाजूला सारून तिला वाट करून देत होता. यसूआत्या काठी टेकत त्यांच्या बाजूला होती. माझ्याबरोबरच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "बघ की," ती म्हणाली. "जोडा म्हंजे असा असावा. बघूनच कळतं."

हौसानं मला ओळखलं. बांगड्यांच्या दुकानाशी थांबायचं निमित्त करून ती माझ्याजवळ आली. चांगली भरली होती, अंगावर नवं लुगडं होतं.

"बरं चाललंय का गं?" मी विचारलं.

"समदी म्हनत्यात, बरं चाललंय." तिनं मागं वळून बघितलं आणि खालच्या आवाजात घाईनं विचारलं, "तात्या कसं हाईत? जेवत्यात का?"

 गाडीवान निरोप घेऊन गेला होता, म्हातारीनं तो दारातच परतवला होता, आणि तिच्या कानापर्यंत काहीच गेलं नव्हतं. तीन वर्षं ती तात्या जिवंत आहेत असं समजून जगत होती.

"हौसा," मी म्हणाले, "तात्या न्हाईत गं."

"कवा?"

मी सांगितलं. यसूआत्या तिकडून हाक मारत होती, "सूनबाई, पोरगं रडतंय." हौसानं पदर डोक्यावर नीट घेतला, दुकानदाराकडून बांगड्या भरून घेतल्या आणि त्यांच्याकडं गेली. तिनं मागं बघितलं नाही. जाताना दौलतच्या खांद्यावरचं मूल तिनं आपल्याकडं घेतलं.

यसूआत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि एका पहाटे झोपेतच गेली. दौलतला जाऊन आता दहा वर्षं होतील. हौसा गेल्या चैत्रात वारली. तात्या वारले ते तिच्या लग्नाच्याच साली, पौष महिन्यात, अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी.